आता वर्षाने या

"आता वर्षाने या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फाईल मिटली.

रत्नप्रभा उठली नाही. ब्लाउजचं वरचं बटण लावता लावता तिचा हात तिथेच थांबला.

"वर्षाने?"

"हो. ऑपरेशनला पाच वर्षं झाली. सगळं छान आहे. आता दर सहा महिन्यांनी यायची गरज नाही."

"आणि तपासणी?"

"आत्ता केली की."

"ती हाताची. मशीनची?"

"मॅमोग्राफी झाली ना परवा. स्वच्छ आहे."

"ती उरलेल्या बाजूची. बाकीच्या अंगाची?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "हाडं दुखतात? खोकला? वजन उतरलंय?"

"नाही."

"मग कशाला उगाच मशीनमध्ये घालायचं तुम्हाला? लागत नाही ते. गोळी मात्र चालू ठेवायची, अजून पाच वर्षं."

"बरी झाले तर गोळी कशाला?"

"बऱ्या राहाव्यात म्हणून."

उत्तर जरा जास्तच पटकन आलं. रत्नप्रभानं दाराशी उभ्या असलेल्या अनुपमाकडे पाहिलं. एरवी ही पोरगी दहा प्रश्न विचारायची, उत्तरं मोबाइलमध्ये टिपून घ्यायची. आज नुसतं "थँक्यू मॅडम" म्हणाली. बाहेर आल्यावर चार पावलं चालली, थांबली.

"आई, तू बस जरा बाकड्यावर. मॅडमना एक विचारायचं राहिलं."

आणि ती एकटीच आत गेली. दार लागलं.

रत्नप्रभा बाकड्यावर बसली. दार पांढरं होतं. बत्तीस वर्षांपूर्वीचं दार हिरवं होतं, एवढाच काय तो फरक.

*

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रत्नप्रभा बावीस वर्षं स्विच तपासत होती. चौदा नंबरचं टेबल. पीस खाचेत बसवायचा, दाबायचा, समोरचा बल्ब लागला पाहिजे. सोडायचा, विझला पाहिजे. असं तीनदा. मग हिरवा गोल स्टिकर, त्यावर बारीक चौदा. बल्ब लुकलुकला तर लाल टिपका आणि डावीकडच्या क्रेटमध्ये. माल पाठवायची घाई झाली की सुपरवायझर म्हणायचा, "मावशी, हा लॉट चांगलाच आहे, डायरेक्ट स्टिकर मारा." ती मारायची नाही. न तपासता पास झालेला माल परत येतो, आणि येतो तेव्हा त्यावर आपला नंबर असतो, हे तिला ठाऊक होतं. आणि सुपरवायझर 'चांगलाच आहे' असं हसून म्हणाला, की त्या लॉटमध्ये हमखास काहीतरी असतं, हेही.

डॉक्टरीणबाई हसल्या होत्या.

तिची आई, सुंदराबाई, जालन्याकडची. लग्न होऊन जोगेश्वरीच्या टेकडीवर आली तेव्हा जातं गावीच राहिलं. म्हणून ती डाळ निवडताना ओव्या म्हणायची. सूप हलवायची, खडा वेचायची, तेवढ्यात एक ओळ जुळायची. पुढचा खडा सापडेपर्यंत दुसरी. आईच्या ओवीत मुंबई फार क्वचित यायची. आली तर नळ यायचा, आणि लेक यायची.

छातीतली गाठ तिनं वर्षभर पदराखाली ठेवली. कुणाला दाखवायची? डॉक्टर पुरुष, घरात मोठा मुलगा, बाजूच्या बायकांना सांगावं तर चाळभर होणार. जखम फुटली, वास यायला लागला, तेव्हा रतननं, म्हणजे रत्नप्रभानं, पदर ओढला. रतन तेव्हा वीस वर्षांची होती.

हॉस्पिटलात दादा, म्हणजे थोरला भाऊ अंबादास, एकटाच आत गेला. हिरवं दार लागलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. त्यानं रतनला जिन्याखाली नेलं. "घरी न्या म्हणाले. काय मागंल ते खायला घाला म्हणाले. मायला सांगायचं, तू बरी झालीस, आता यायची गरज नाही. मला जमायचं नाही. तू सांग."

रतननं सांगितलं.

"इतक्या लवकर बरी झाले व्हय गं?" आई म्हणाली. "खरं सांग, रतन. काय म्हणला डाक्तर?"

"खरंच, माय. यायची गरजच नाही म्हणाले."

आईनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बल्ब लागला. दादानं आईसाठी जिलबी आणली, सफरचंदं आणली, हिरवी इरकल आणली. चार महिन्यांनी ती इरकल तिच्या अंगावरच गेली.

*

घरी नवऱ्यानं, कुंडलिकनं, जिलबी आणून ठेवली होती.

"पास झालीस ना? अनुनं मेसेज केला. घे, तोंड गोड कर."

रत्नप्रभा पुड्याकडे बघत उभी राहिली. तेल कागदातून बाहेर झिरपत होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं जिलबी आणायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? आणली."

"तीस वर्षांत कधी आणली नाहीत ती?"

"घ्या! आणली तर का आणली, नाही आणली तर का नाही. काय गं, विष घातलंय का मी त्यात?"

"मी नंतर खाईन." तिनं पुडा डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं.

मग ती बारीक नजर ठेवू लागली. कुंडलिकनं दुसऱ्या दिवशी आपण होऊन पाणी भरलं. अनुपमा अंधेरीला बँकेत कामाला. बुधवारी तिचा फोन वाजला तशी ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेऊन बोलली. गुरुवारी उशिरा आली, "ऑफिसात काम होतं" म्हणाली, आणि आईच्या डोळ्यांकडे न बघता मोजे काढत बसली. जेवताना तिनं भाकरीचे तुकडे केले, खाल्ले नाहीत. काय झालं विचारलं तर म्हणाली, "कुठे काय?" आणि हसली.

परत तेच हसणं.

रत्नप्रभानं घाटकोपरला अंबादासदादाला फोन लावला.

"दादा, मायच्या वेळी तू आत गेलास. डॉक्टर नक्की काय म्हणाले होते? शब्द सांग."

"आता कशाला ते, रतन? तुझं तर चांगलं झालं म्हणे. अनुचा फोन होता."

"तुला पण फोन केला तिनं?"

"आनंदानं केला गं पोरीनं! तू पोलिसासारखी काय विचारतीस?"

"शब्द सांग."

दादाचा आवाज एकदम म्हातारा झाला. "म्हणाले, वर्षापूर्वी का नाही आणली? आता आमच्या हातात काहीच नाही. इथं आणून हाल करू नका. यायची गरज नाही." मग तो म्हणाला, "मी तुला सांगायला लावलं, त्याचं मला अजून…"

"ठेवते," ती म्हणाली.

यायची गरज नाही. शब्द तेच होते.

शुक्रवारी सकाळी चौदा नंबरच्या टेबलावर तिनं एका चांगल्या पीसला लाल टिपका लावला. शेजारच्या टेबलावरच्या जयंतीनं ते पाहिलं. जयंती मालवणची, वीस वर्षांपासूनची सोबतीण. ऑपरेशननंतर हिच्या डब्यातली भाजीसुद्धा तिनंच महिनाभर आणली होती.

"रत्ने, तुका काय झाला गो? डॉक्टर बरी आसस म्हणान सांगता, आणि तू तोंड पाडून बसलंस?"

"न तपासता सांगितलं, जयू. हात फिरवला आणि पास. घरचे सगळे सामील आहेत. मला गोड खायला घालतायत."

"माझ्या घराकडे कोण घालीत नाय गोड. तुझ्याच घोवाक पाठव." जयंती हसली, हिचा चेहरा बघून थांबली. "बघ, संशय इलो ना, मग पीस परत खाचेत घाल. दुसऱ्या टेबलार तपास. इतक्या साधा आसा."

इतकं साधं होतं. रत्नप्रभानं अर्धी सुट्टी टाकली.

*

सोनोग्राफी सेंटर जोगेश्वरीच्या पुलापासून दोन मिनिटांवर होतं. पाच वर्षांपूर्वी तिची गाठ इथेच सापडली होती. काउंटरवरची मुलगी नवी होती.

"पूर्ण पोटाची करायची. आणि काखेची. सगळीकडची," रत्नप्रभा म्हणाली.

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. मला माझ्या समाधानासाठी करायची आहे."

"चिठ्ठीशिवाय नाही ना करता येत, काकू. मोबाइल नंबर सांगा, जुनी नोंद असेल तर बघते."

तिनं नंबर सांगितला. मुलीनं स्क्रीनवर बोट फिरवलं. "या नंबरवर दोन नावं आहेत. रत्नप्रभा आणि अनुपमा. अनुपमा तुमच्याच घरातल्या ना? बरं झालं आलात. कालचा रिपोर्ट तयार आहे, नेता का?"

पाच वर्षांपूर्वी घरातल्या सगळ्यांच्या कागदांवर एकच नंबर लिहिला जायचा, आईचा. तो तसाच राहून गेला होता.

मोठं पांढरं पाकीट हातात आलं. पहिला विचार आला तो असा: माझाच रिपोर्ट आहे. मला कळू नये म्हणून पोरीनं स्वतःच्या नावावर काढलाय. ती जिना उतरली, रस्त्यावर आली, आणि तेव्हा तिला सुचलं की गुरुवारी आपण तर टेबलावर होतो. आपलं अंग तर कुणी मशीनखाली घेतलंच नाही.

तिनं पाकीट उन्हात धरलं. वर पेनानं लिहिलं होतं: अनुपमा कुंडलिक. वय सत्तावीस. डावा स्तन.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "मावशी, बसायचंय की उभं राहायचंय?"

ती बसली. पाकीट मांडीवर. ते चिकटवलेलं नव्हतं, झाकण नुसतं आत खुपसलेलं होतं. बोट घातलं असतं तर उघडलं असतं. आतली भाषा तिला येत होती. पाच वर्षांत ती अशी पन्नास पानं वाचायला शिकली होती. कुठली ओळ आधी बघायची, हेही तिला माहीत होतं. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. सगळं जग तपासून घेणारी बाई. पण हा पीस तिच्या खाचेतला नव्हता.

टेकडीचा चढ लागला. मंगळवारी दवाखान्यात लागलेलं दार, गॅलरीतला फोन, भाकरीचे तुकडे, एकेक करून सगळं आपापल्या जागी बसलं. पोरगी खोटं बोलत होती, यात तिची चूक नव्हती झाली. फक्त मरण कुणाचं आहे, तिथे चुकली होती.

मरण, असा शब्द मनात आला आणि तिनं स्वतःच्याच मांडीवर चापट मारली. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं.

*

संध्याकाळी अनुपमा आली तेव्हा पाकीट चहाच्या टेबलावर होतं. कुंडलिक लसूण सोलत होता.

अनुपमानं पाकीट पाहिलं. चपलेतून अर्धाच पाय निघाला होता.

"तू उघडलंस?"

"नाव तुझं आहे."

"आई…"

"उघड. उभ्यानं नको, बसून."

तिनं वाचलं. कागद आईकडे दिला, बाबांकडे नाही. रत्नप्रभानं चष्मा पुसला. गाठ, अकरा मिलिमीटर. कडा बऱ्यापैकी सरळ. सुईची तपासणी करून खात्री करावी.

"कधीपासून?"

"तीन आठवडे. आंघोळ करताना हाताला लागली. तूच शिकवलंस ना, महिन्यातून एकदा बघायचं म्हणून. मंगळवारी मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, माझ्या वयात बहुतेक साध्याच असतात, पण घरात दोघींना झालंय तर बघून घेऊ."

"आणि मला?"

"तुझी पाच वर्षं झाली होती, आई." अनुपमानं पायात राहिलेली चप्पल काढली. "म्हटलं, एक मंगळवार तरी तुझा असू दे."

कुंडलिक हातातली पाकळी तशीच धरून बसला होता. "म्हणजे या घरात मला कुणी काही सांगतच नाही," तो म्हणाला. मग उठून आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत राहिला.

"बाबांना माहीत नव्हतं?" रत्नप्रभानं विचारलं.

"नाही."

"मग ती जिलबी?"

"जिलबी जिलबीच होती गं."

रत्नप्रभानं डबा उघडला. तीन दिवसांची जिलबी दगडासारखी झाली होती. तिनं एक वेढा मोडला, तोंडात टाकला, दुसरा लेकीच्या हातावर ठेवला. दोघींनी आवाज करत ती कडक जिलबी चावली.

मग रत्नप्रभा बोलली. लेकीला जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. जिन्याखाली दादा काय म्हणाला. आईनं तीनदा काय विचारलं. आपण तिन्ही वेळा काय सांगितलं.

"तिला खरं वाटलं?" अनुपमानं विचारलं.

"जायच्या आठेक दिवस आधी डाळ निवडायला मागितली. बसवत नव्हतं, तरी भिंतीला टेकून बसली. मी भांडी घासत होते. पाठीमागून ओवी आली. नवी होती."

"कुठली?"

रत्नप्रभानं ती म्हटली नाही, सांगितली. हिशेब सांगावा तशी, सपाट आवाजात:

"लेक म्हणे बरी झालीस, मी बी म्हणते बरं बाई,
वाळूच्या भिंतीला गं लेक माझी शेण लावी."

आत कपाटाचा आवाज थांबला होता.

"म्हणजे आजीला माहीत होतं."

"तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मला कळलं. मी मागे वळले नाही, भांडीच घासत राहिले. चार महिने एका खोलीत होतो दोघी, अनु. एकमेकींना एक शब्द नाही." तिनं कागदाची घडी घातली, पाकिटात ठेवली, पाकीट लेकीच्या हातात दिलं. "तू माझ्याशी असं करायचं नाहीस. मी तुझ्याशी करणार नाही."

*

पुढच्या मंगळवारी तेच पांढरं दार.

"तुम्हाला वर्षाने बोलावलं होतं ना मी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी हिच्याबरोबर आलेय." रत्नप्रभानं पदर सारखा केला. "आणि मॅडम, एक सांगायचं होतं. मी चार दिवस तुम्हाला खोटारड्या समजत होते."

"आई!" अनुपमानं कोपर मारलं.

डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. "बऱ्याच जणी समजतात. ज्यांच्या घरातून आधी कुणी गेलेलं असतं, त्या जास्त. तुमची आई कोणत्या साली?"

"ब्याण्णव."

"त्या वेळी बायका यायच्याच उशिरा. औषधंही थोडीच होती. त्यामुळे आम्ही 'येऊ नका' म्हणायचो त्याचा अर्थ वेगळा होता. अजूनही उशिरा येतात, अजूनही जातात, नाही असं नाही. पण तुम्ही लवकर आलात. तुमच्यासारख्या बहुतेक जणी आता पाच वर्षांनी इथे बसून माझ्याशी भांडतात, मशीनमध्ये घाला म्हणून." त्यांनी अनुपमाकडे पाहिलं. "आणि ही तर लिंबाएवढी व्हायची वाटही न बघता आली. सुई करू. रिपोर्टला आठवडा लागेल. काय येईल ते मी सांगेन."

"कुणाला सांगाल?" रत्नप्रभानं विचारलं.

"तुम्ही म्हणाल त्यांना."

"हिला. दारामागे मला नाही, हिच्या बाबांना नाही. हिला, समोरासमोर. मग ती मला सांगेल."

डॉक्टरीणबाईंनी फाईलवर काहीतरी लिहिलं. या वेळी त्या हसल्या नाहीत, आणि रत्नप्रभाला पहिल्यांदाच बरं वाटलं.

सुईच्या खोलीबाहेर नर्सनं अनुपमाला गाऊन दिला. तिनं घड्याळ काढलं, ओढणी काढली, कानातले काढले. सगळं आईच्या हातात ठेवलं. दारापर्यंत गेली आणि वळली. आता ती सत्तावीसची दिसत नव्हती.

"आई, खरं सांग. दुखतं का?"

रत्नप्रभाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. फार जुनं, गोड, हिरवा स्टिकर लावलेलं. ते तिनं गिळलं.

"दुखतं," ती म्हणाली. "आधी टोचून बधिर करतात, ते झोंबतं. मग खटकन आवाज येतो, त्याला दचकू नकोस. चार-पाच वेळा येतो. रात्री ठणकेल."

अनुपमानं मान हलवली. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

दार लागलं. रत्नप्रभा बाकड्यावर बसली. कानातले मुठीत होते, लेकीच्या अंगाची ऊब अजून त्यांना होती. तिचे ओठ हलायला लागले तेव्हा तिचं तिलाही कळलं नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आईची ओवी चालीवर आली. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. पहिली ओळ पुरी झाली.

आतून खटकन आवाज आला.

दुसरी ओळ तिनं म्हटली नाही. मूठ घट्ट धरून ती बसून राहिली. आत लेकीला दुखत होतं, आणि ते दोघींनाही माहीत होतं.